समुद्राकडे पाठ केलेले शहर

कोल्हापूरचा माणूस समुद्राचा विचार सहसा करीत नाही. रंकाळा आहे, पंचगंगा आहे, पावसाळ्यात महापूर आहे; एवढे पाणी त्याला पुरते. समुद्र म्हटला की त्याला गणपतीपुळ्याची सहल आठवते, नाहीतर सुरमईची थाळी. पण नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर कोल्हापूर ते विजयदुर्ग हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. तरीसुद्धा आपल्याला मुंबई जवळची वाटते आणि विजयदुर्ग परका वाटतो. हे सह्याद्रीमुळे झाले असे कोणी म्हणेल. सह्याद्री तर दोन हजार वर्षांपूर्वीही तेथेच होता. माझे मत असे आहे की आपले तोंड डोंगराने फिरवलेले नाही, रुळांनी फिरवले आहे; आणि आता कोल्हापूर ते वैभववाडी या नव्या रेल्वेमार्गाची मागणी आपण मोठ्या आवाजात करीत असताना ही गोष्ट नीट समजून घेणे जरूर आहे.

प्रथम जुना हिशेब. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले, हे आपल्यापैकी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तरी ठाऊक असते. टाउन हॉलमधले आपले वस्तुसंग्रहालय त्यातूनच उभे राहिले. ब्रह्मपुरीच्या वस्तूंत एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या सागरदेवाची. अंबाबाईच्या गावात हा समुद्राचा देव कोठून आला? तो काही देशावरून आला नसणार. सातवाहनांच्या काळात पश्चिमेकडची गलबते कोकणच्या बंदरांना लागत, तेथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून वर येई. म्हणजे ज्या काळी मुंबई हे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्या काळी आपल्या पंचगंगेच्या काठावरच्या माणसाचा रोमन जगाशी व्यवहार होता, आणि तो कोकणातून होता.

पुढे शिलाहारांचा काळ. खारेपाटण आज मुंबई-गोवा रस्त्यावरचे एक गाव आहे. पुष्कळांना ते बसच्या थांब्यापुरते माहीत असते. तेथे सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ सालचा आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने देवालयाला द्यावे अशी त्यात तरतूद आहे. जकात ज्या गोष्टीवर बसते ती गोष्ट नित्याची असावी लागते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. क्वचित चुकून येणाऱ्या जहाजावर कोणी असे ताम्रपट कोरीत बसत नाही.

आणि राजापूर. सतराव्या शतकात इंग्रजांनी तेथे वखार घातली. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला तेव्हा याच वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून आला आणि पन्हाळ्यावर मारा केला. त्याचा जाब शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून आणि इंग्रजांना कैदेत घालून विचारला. ही गोष्ट आपण शौर्यकथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात व्यापाराचा एक धडा दडलेला आहे. तोफा ज्या वाटेने वर येतात त्या वाटेने गूळही खाली जातो. राजापूर आणि पन्हाळा ही त्या काळी एकाच वाटेची दोन टोके होती.

ही वाट पुढेही दीर्घकाळ चालत होती. फोंडा, बावडा, आंबा, आंबोली या घाटांनी वरून गूळ, मिरची, तंबाखू आणि धान्य खाली जाई. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि सुपारी वर येई. मी गगनबावडा तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकात वाचलेले घरी जाऊन पडताळून पाहण्याची मला खोड लागली आहे. आमच्या आजीचे माहेर घाटाखालचे. तिच्या वडिलांच्या तोंडची हकिगत ती सांगते: मिठाच्या गोणीला वर किती पायली भात मिळे, पावसाळ्यात घाट बंद होण्याआधी वर्षाचे मीठ कसे भरून ठेवावे लागे, आणि गाडीवानांच्या बरोबर सोयरिकीही कशा वर-खाली होत. "बैल जिकडं जात्यात तिकडं लेकी जात्यात," असे ती म्हणते. आज आमच्या भावकीत घाटाखालची सून शोधावी लागेल. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांच्या बायका मात्र घरोघर आहेत.

आता रुळांकडे वळू. १८७६-७७ च्या दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक होरपळले. माणसे मेली ती धान्य मुळीच नव्हते म्हणून नव्हे, तर धान्य होते तेथून आणण्याची सोय नव्हती म्हणूनही. त्यानंतर सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिकडे १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार होऊन मुरगावचे बंदर आणि तेथून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग बांधण्याचे ठरले. पुण्यापासून मिरजेवरून लोंढ्यापर्यंत रूळ आले आणि या सगळ्या मुलखाला दोन तोंडे मिळाली: एक मुंबईचे, दुसरे मुरगावचे. मधला राजापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले हा सारा किनारा तसाच कोरा राहिला.

कोल्हापूरचा फाटा याच मार्गाला मिरजेत जोडला गेला. १८८८ साली कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला आणि १८९१ साली पहिली गाडी कोल्हापुरात आली. लांबी अवघी सत्तेचाळीस किलोमीटर. हा मार्ग संस्थानच्या पैशाने झाला, आणि तो कोल्हापूरला येऊन संपला. आजही तो तेथेच संपतो. स्टेशनला आता श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे. टर्मिनस म्हणजे शेवट. एकशे तीसहून अधिक वर्षे आपण शेवटच्या स्टेशनावर राहत आहोत, आणि गाडीत जागा धरायला ते सोयीचे पडते म्हणून आपल्याला त्याचे काही वाटतही नाही.

याच संदर्भात मला दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिनाची आठवण करावीशी वाटते. आमच्या प्राध्यापकांनी गेल्या सत्रात वर्गात त्या देशाचा एक जुना रेल्वे नकाशा दाखविला. कोणी पंजा उघडून ठेवावा आणि सारी बोटे मनगटाशी येऊन मिळावीत, तसा तो दिसतो. मनगट म्हणजे ब्युनोस आयर्सचे बंदर. तेथली पहिली आगगाडी १८५७ साली धावली, जेमतेम दहा किलोमीटर. १९१४ पर्यंत तीस हजार किलोमीटरच्या वर रूळ पडले आणि त्यांतला मोठा वाटा इंग्रज कंपन्यांचा होता. गहू, मांस आणि लोकर बंदराकडे नेणे व विलायती माल आत आणणे हे त्यांचे काम. (गंमत अशी की तिकडच्या रुंद रुळांचे माप आपल्या ब्रॉडगेजइतकेच आहे. मालक एकच असला म्हणजे मापही एकच पडते!)

त्या देशाच्या वायव्येकडचा साल्टा, तुकुमान हा भाग पूर्वी डोंगराकडे तोंड करून होता. पोटोसीच्या चांदीच्या खाणींना लागणारी खेचरे साल्टाच्या बाजारात विकली जात. बैलगाड्यांचे तांडे महिनेच्या महिने वाटेवर असत. तुकुमानला १८७६ साली रेल्वे पोचली. उसाची लागवड भराभर वाढली, साखरेचे कारखाने उभे राहिले, आणि आजूबाजूच्या प्रांतांतले मागवाले विलायती कापडापुढे बसले. ऊस वाढला, माग बसला, आणि सगळ्यांची तोंडे बंदराकडे वळली. हे वाचताना मला आपलाच जिल्हा वाचल्यासारखा वाटला.

परंतु येथे एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच या लेखाचा गाभा आहे. तिकडे रूळ कोठे न्यायचे आणि गाडी कोठे थांबवायची हे बहुतांशी लंडनमध्ये बसलेल्या कंपन्या ठरवीत. आपल्याकडेही मुख्य मार्ग कंपनीने ठरविला. पण शेवटच्या सत्तेचाळीस किलोमीटरांवर एका राजाची नजर होती. गाडी आली १८९१ साली. महाराजांच्या हाती कारभार आला १८९४ साली, आणि १८९५ मध्ये स्टेशनाला लागून शाहूपुरीची पेठ वसली. गूळ पिकवणारा शेतकरी आणि गूळ नेणारी गाडी यांच्यामध्ये त्यांनी बाजार उभा केला. शिरोळ रोड स्टेशनाजवळ पुढे जयसिंगपूर वसविले, तेही आखीव रस्त्यांचे, व्यापारासाठी. १९०६ मध्ये शाहू मिल निघाली. राधानगरीचे धरण त्यांनी हाती घेतले ते पाण्यासाठी, पण पाण्याने ऊस आणि उसाने गाडीला माल दिला. रूळ टाकण्याचे श्रेय पुष्कळांना देता येईल. रुळाशेजारी आपल्या माणसासाठी जागा राखली, हे श्रेय मला अधिक मोठे वाटते. आपण जयंतीला रेल्वेचा उल्लेख करतो आणि शाहूपुरीला फक्त एक वसाहत समजतो. हे उलट व्हावयास हवे.

राजापूरच्या बाजूने मात्र असा कोणी उभा राहिला नाही. खाडी गाळाने भरत गेली हे खरे. मोठ्या बोटी वर येईनाशा झाल्या हेही खरे. सगळा दोष रुळांना देणे न्यायाचे होणार नाही. पण गाळ काढावा, गोदी नीट करावी अशी गरज कोणाला वाटायची तर वरचा माल खाली यावा लागतो. वरचा माल तर मिरजेकडे वळला होता. बंदर असे एका दिवसात मरत नाही. एक वर्ष गूळ कमी येतो, दुसऱ्या वर्षी एक अडत्या दुकान हलवितो, आणि तिसऱ्या पिढीतला मुलगा गिरणीत नोकरीला म्हणून मुंबईला जातो. कोकणचे मनीऑर्डरवर जगणे आपण नाटकांत पाहून हसलो. त्याचे एक मूळ आपल्या गुळाच्या गाडीत होते, असे मी म्हटले तर रागावू नये.

पुन्हा आपलीही गाडी सुरळीत चालली असे नाही. आपले रूळ मीटरगेज, मुंबईचे ब्रॉडगेज. त्यामुळे १९७१ च्या सुमारास रुंदीकरण होईपर्यंत मुंबईचा माल पुण्यात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. किती हमालांच्या पाठी त्यात वाकल्या असतील! रुंदीकरण झाल्यावर मुंबईची वाट सलग झाली. पण मिरजेच्या दक्षिणेचे रूळ अरुंदच राहिले, म्हणजे मुरगावची वाट त्याच दिवशी तुटली. ती जोडली जायला १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. आपल्याला जी समुद्राची दोन दारे होती त्यांतले एक वीस वर्षे अर्धवट लोटलेले होते, आणि त्याबद्दल कोणी आंदोलन केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मुंबईची गाडी अर्धा तास उशिरा आली तर मात्र पत्रे येतात.

आजची स्थिती अशी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. वैभववाडी रोड हे तिचे स्टेशन आमच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. कोल्हापूर ते वैभववाडी या सुमारे १०७ किलोमीटरच्या मार्गाचे नाव २०१६ साली रेल्वे अर्थसंकल्पात आले. तेव्हापासून सर्वेक्षण, खर्चाचे आकडे, निवेदने आणि सत्कार हे चक्र चालू आहे. इकडे कोल्हापूरचा गूळ ट्रकने गुजरातेत जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचे ओतकाम ट्रकने न्हावाशेव्याला जाते. समुद्र शंभर किलोमीटरवर असताना आपण समुद्र गाठण्यासाठी चारशे किलोमीटर उत्तरेला जातो. तालुक्यातल्या माणसाला तर याहून साधी अडचण आहे. २०२४ साली करूळ घाट कामासाठी दीर्घकाळ बंद होता, तेव्हा खालच्या पाहुण्याकडे जायचे म्हणजे लांबच्या घाटाने वळसा. दवाखान्याचे, लग्नाचे, बाजाराचे सगळेच अडले.

तेव्हा मार्ग व्हावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती आपण मागणी कशी करतो याबद्दल. आपल्याकडे जो उठतो तो म्हणतो, "रेल्वे आली की विकास आला." अर्जेंटिनात तीस हजार किलोमीटर रेल्वे आली, विकास ज्या गावी आला त्या गावाचे नाव बहुतेक वेळा ब्युनोस आयर्स होते. त्या देशाने १९४८ साली रेल्वे सरकारच्या ताब्यात घेतली तेव्हा मालक बदलला. रुळांचा आकार तसाच राहिला. मनगट तेच, बोटे तीच. आकार एकदा पडला की तो मोडत नाही, ही गोष्ट आपण रूळ पडण्यापूर्वी ध्यानात घेतली पाहिजे.

आणखी एक उदाहरण त्याच देशाचे. अँडीज ओलांडून चिलीला जाणारा मार्ग त्यांनी १९१० साली पुरा केला. तीन हजार मीटर उंचीवर बोगदा, दातेरी रूळ, पराक्रमच म्हणावा. परंतु दोन्हीकडचे मुख्य मार्ग रुंद आणि मधला घाटमार्ग मीटरगेज, म्हणून माल दोनदा उतरवून दोनदा चढवावा लागे. शिवाय बर्फ आणि दरडी. १९८४ साली तो मार्ग बंद पडला. आपला घाट काही अँडीज नव्हे. पण बोगदा पडला म्हणजे व्यापार सुरू झाला, असे समजणाऱ्यांनी या मार्गाची हकिगत वाचावी.

आमच्या गावात हल्ली अशी कुजबूज आहे की आखणीची रेषा आमच्या खालच्या रानातून जाणार. ते रान म्हणजे आमचा वर्षाचा भात आणि थोडा ऊस. मी सुटीत घरी गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने आबांना कोकण रेल्वे, बंदर, निर्यात असे सगळे सांगितले. आबा शाळेत चौथीपर्यंत गेलेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि विचारले, "गाडी आपल्यात थांबणार हाय का?" मी म्हटले, अजून स्टेशने ठरायची आहेत. ते म्हणाले, "मग ते बघ आधी. रान गेलं तर जाऊ दे एकदाचं. पर गाडी नुसती शिट्टी मारून जाणार असली तर आमी काय बघत बसायचं?"

पुस्तकांतून मला जे वाक्य सापडले नव्हते ते मला आबांनी दिले. गाडी थांबणार का? कोणती थांबणार, माणसांची की मालाची? थांबली तर तेथे मालधक्का असेल का, भाताच्या आणि गुळाच्या पाच-पन्नास रव्यांना डबा मिळेल का, की फक्त अख्ख्या गाडीभर माल असणाऱ्यालाच दर परवडेल? आमच्या जिल्ह्याच्या डोंगरांतले बॉक्साइट ट्रकमधून बेळगावच्या कारखान्यापर्यंत गेलेले आम्ही पाहिले आहे. आमच्या वाट्याला रस्त्याची तांबडी धूळ आली. उद्या रूळ आले आणि त्यांवरून वरून खनिज खाली आणि खालून कोळसा वर एवढेच चालले, तर आमच्या रानातून जाणारी ती आणखी एक धुळीची वाट होईल. आणि वैभववाडी, खारेपाटण, विजयदुर्ग इकडच्या मुलांनाही हाच प्रश्न पडला असेल. त्यांच्याशी आपण कधी बोललो आहोत का? आपल्या महाविद्यालयाच्या सहली तिकडे जातात त्या फोटो काढून परत येतात. एखाद्या वर्षी इतिहास आणि अर्थशास्त्र विभागाने मिळून राजापूरच्या जुन्या पेठेत जावे, तेथल्या दुकानदारांच्या घरी जुन्या वह्या असतील त्या पाहाव्यात, आणि तिकडच्या विद्यार्थ्यांना आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा पाहावयास बोलवावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. त्याला बोगद्याची वाट पाहावी लागत नाही.

काही मित्र म्हणतील की आधी रेल्वे तर येऊ द्या, मग स्टेशनांचे पाहू. सुरुवातीलाच अटी घातल्या तर फाईल आणखी दहा वर्षे पडून राहील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. भुकेलेल्या माणसाने ताटाचा आकार विचारू नये. पण १८९५ ची शाहूपुरी काही आपोआप उगवली नव्हती. गाडी आल्यानंतर चार वर्षांत ती वसविणारा माणूस गादीवर होता. आज गादी नाही. ते काम ग्रामपंचायतींनी, बाजार समितीने, आणि शिकलेल्या मुलांनी करावयाचे आहे. आणि नंतर करू म्हटलेले काम कोण करतो, हे वसतिगृहात राहणाऱ्यांना सांगावयास नको.

गेल्या महिन्यात वर्गात या मार्गाच्या मागणीचे एक निवेदन सह्यांसाठी फिरत होते. कागद चांगला जाड, मजकूर टाइप केलेला, खाली साठ-सत्तर सह्या. मी तो दोनदा वाचला. त्यात 'विकास' हा शब्द सात वेळा होता. स्टेशन हा शब्द एकदाही नव्हता. मी निवेदन आणणाऱ्या मित्राला विचारून मजकुराच्या खाली पेनाने एक ओळ वाढवली: "मार्गावरील स्टेशनांची व मालधक्क्यांची यादी जमीन संपादनापूर्वी गावोगावच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी." मित्र म्हणाला, टाइप केलेल्या कागदावर हे हाताने लिहिलेले वाईट दिसते. मी म्हटले, दिसू दे. आणि त्याखाली सही केली.